फी कुणाच्या पगारातून वजा करावी?

पुण्यात मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधी पाळणाघरात नाव घाला, डॉक्टरकडे नंतर जा. डॉक्टर नऊ महिने थांबतात, पाळणाघराच्या काकू थांबत नाहीत. कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रोड या पट्ट्यात ज्या काकूंबद्दल "त्यांच्याकडे मुलं रमतात हो" असं बोललं जातं, त्यांच्याकडे जागा होते ती एखाद्या कुटुंबाची बदली झाली किंवा अमेरिकेचा व्हिसा आला तरच. त्यामुळे लग्नाच्या याद्या करतानाच हॉल, केटरर, गुरुजी आणि पाळणाघर असे चार फोन एका बैठकीत उरकून घ्यावेत. मुलगा की मुलगी ते काकूंना नंतर कळवलं तरी चालतं. ॲडव्हान्स मात्र लगेच लागतो.

आता कुठलं पाळणाघर निवडावं? घरगुती पाळणाघर पाच ते आठ हजारांत बसतं. तिथे वरणभात, दुपारची झोप आणि रामरक्षा मिळते. बाणेर, बालेवाडी, वाकडकडे सरकलात की त्याच वयाच्या मुलासाठी दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात, कारण तिथे पाळणाघर नसतं, डे-केअर असतं. तिथे मुलांना पिठाचा गोळा खेळायला देतात आणि त्याला सेन्सरी प्ले म्हणतात. हाच उद्योग मुलानं घरी ओट्याखाली बसून केला तर तुम्ही त्याच्या पाठीत धपाटा घालता. म्हणजे पैसे पिठाचे नाहीत, धपाटा न घालण्याचे आहेत, आणि त्या मानानं ते रास्तच आहेत. शिवाय प्रवेश फी असते, किट असतं, ॲक्टिव्हिटी फी असते, परत न मिळणारं डिपॉझिट असतं. उन्हाळ्यात एसीचे वेगळे पैसे घेतात. हिवाळ्यात ते कमी होतील अशी अपेक्षा धरणारे लोक बहुधा पुण्यात नवीन असतात.

घरगुती निवडलंत तर दारावरची पाटी नीट वाचून घ्या, पुढच्या चार वर्षांचा करार तोच आहे. एका दारावर अशी होती: "मूल नेण्याची वेळ सायंकाळी 6.30. ट्रॅफिक हे कारण जुने झाले आहे. नवीन शोधावे." त्याखाली: "तापाचे मूल आणू नये. औषध पाजून ताप उतरवलेले मूल आणणाऱ्या पालकांना आम्ही ओळखतो." आणि सगळ्यात खाली वेगळ्या शाईत, म्हणजे काही घटना घडल्यावर वाढवलेलं: "डब्यात मॅगी निघाल्यास ती पालकांना इथेच उभे राहून संपवावी लागेल." मूल आजारी पडून पंधरा दिवस घरी असलं तरी त्या महिन्याची फी पूर्ण पडते. यावर वाद घालू नये. वाद घातलात तर काकू "मग तुमचं तुम्ही बघा" म्हणतात, आणि तुमचं तुम्ही बघू शकला असतात तर त्या दारात उभेच राहिला नसतात.

पण तुम्ही शिकलेले आहात, कायदा जाणता. तेव्हा पदरचे पैसे खर्च करण्याआधी कायद्याकडे जा. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा आली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. हे 50 म्हणजे 50 बायका नव्हेत, सगळे मिळून 50. नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, सोय तीच राहिली. या सोयीची माहिती नोकरीवर घेतानाच प्रत्येक महिलेला लेखी द्यावी, असंही त्या दुरुस्तीत होतं. तुम्हाला ती मिळाली नसेल तर रुजू झाल्या दिवशी आलेल्या मेलच्या अकराव्या अटॅचमेंटमध्ये बघा, अग्निशमनाच्या सूचनांच्या खाली. तरी सापडली नाही तर एचआरला विचारा. एचआर "आम्ही टाय-अप केलंय" म्हणेल. टाय-अप म्हणजे अमुक एका डे-केअरमध्ये तुम्हाला थोडी सवलत मिळते आणि ते डे-केअर खराडीला असतं. तुम्ही हिंजवडीला, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

अंतराचं मनावर घेऊ नका. पाळणाघर "विहित अंतरात" असावं एवढंच कायदा म्हणतो, आणि पुण्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजायची पद्धत बंद होऊन बराच काळ लोटला. मात्र याच कलमात एक रत्न दडलेलं आहे. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला भेटण्याची मुभा आहे, विश्रांतीची वेळ त्यात धरून. आता तुमचं ऑफिस हिंजवडी फेज 3 मध्ये आणि पाळणाघर वारज्याला आहे असं धरू. सकाळी दहाला पहिल्या भेटीला निघा. शिवाजी चौक, वाकडचा पूल, मग हायवेनं चांदणी चौक. पोचाल तेव्हा मूल जेवून झोपलेलं असेल. परत फिरा. भूमकर चौकात दुसऱ्या भेटीची वेळ होईल, तिथूनच वळा. चौथी भेट आटोपेल तोवर काकूंची साडेसहाची वेळ झालेली असेल, त्यामुळे मूल घेऊनच घरी जाता येईल. असा दिवस काढल्यावर कामाचं काय, असं मॅनेजरनं विचारलं तर संहितेतल्या कलमाचा आकडा तोंडावर फेका: 67. अप्रेझल काय, दरवर्षी येतं.

आणखी एक बारकावा. या चार भेटी कायद्यानं "महिलेला" दिलेल्या आहेत. बापाला एकही नाही. यावर चिडू नये. मूल कुणाचं असतं हे संसदेला नीट माहीत आहे एवढाच त्याचा अर्थ. शंका असेल तर सरकारी नोकरी बघा. केंद्र सरकारच्या सेवेत आईला उभ्या नोकरीत मिळून 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. पुरुषालाही मिळते, पण तो एकटा पालक असेल तर. म्हणजे मूल सांभाळायची हौस असलेल्या बापानं आधी घटस्फोट घ्यावा किंवा विधुर व्हावं, मग अर्ज करावा. बायको हयात असताना पंधरा दिवसांची पितृत्व रजा पुरे आहे. खासगी नोकरीत कायद्यानं तेवढीही नाही, पण तिथे पेढे वाटायला कुणी हरकत घेत नाही.

करसवलतीचंही बघून घ्या. जुन्या करपद्धतीत दीड लाखाच्या मर्यादेत दोन मुलांच्या शिक्षण शुल्काची वजावट मिळते, आणि त्यात नर्सरी-प्लेग्रुपही बसतात. पाळणाघर बसत नाही. म्हणजे मूल दहा ते बारा रंग भरतं तेव्हा ते राष्ट्राचं भवितव्य असतं आणि बारा ते सहा झोपतं, खातं, रडतं तेव्हा ती तुमची खासगी चैन असते. तेव्हा पावती करताना काकूंना सांगून ठेवा की मूल इथे झोपलं असं लिहू नका, त्यानं विश्रांतीचा अभ्यास केला असं लिहा. एवढं करून फार हाताला लागणार नाही. त्याच दीड लाखात पीएफ, विमा आणि घराच्या कर्जाची मुद्दल आधीच दाटीवाटीनं बसलेली असते. आणि नव्या करपद्धतीत गेला असाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

गरिबांसाठी सरकारनं सोय केलेली आहे, तुम्ही उगाच कुरकुरू नका. 2006 साली राजीव गांधींच्या नावानं पाळणाघर योजना आली, 2017 साली ती राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली आणि 2022 पासून केंद्राच्या 'मिशन शक्ती' योजनेत तिचं नाव 'पालना' आहे. मधल्या काळात दर ठरलेले होते: दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिना 20 रुपये, आईबापांची मिळून कमाई बारा हजारांच्या आत असेल तर 100, त्यापुढे 200. दोनशे! वाकडमध्ये एवढ्यात काकू मुलाकडे बघून हसतसुद्धा नाहीत. वेळही ठरलेली, महिन्यातले 26 दिवस, रोज साडेसात तास. आता धुणीभांडी करणारी बाई सकाळी सातला घर सोडते आणि संध्याकाळी सहाला परतते. उरलेल्या साडेतीन तासांत मुलानं स्वावलंबन शिकावं अशी योजना असावी. अंगणवाडी तर त्याहूनही आधी सुटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. तुमच्या सोसायटीत अंगण नाही, पोडियम आहे, आणि तिथे मुलांनी आवाज करू नये अशी सूचना लावलेली आहे.

ही सोसायटी बांधली जात होती तेव्हा खाली खांबांना साडीची झोळी बांधलेली असायची, तुम्ही फ्लॅटचा ताबा कधी मिळतोय ते बघायला यायचात तेव्हा पाहिली असेल. झोळीत सात-आठ महिन्यांचं मूल, अंगावर सिमेंटची बारीक धूळ, आणि झोका द्यायला पाच वर्षांची बहीण. बांधकाम मजुरांच्या तेव्हाच्या, 1996 च्या कायद्यात, 50 हून जास्त महिला कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यावी असं होतं. बिल्डर कायद्याचा पक्का होता. त्याच्या मस्टरवर बायका कधीच पन्नासवर गेल्या नाहीत, आणि मुलांचं तर मस्टरच नसतं.

असो. हे सगळं झेपत नसेल तर महाराष्ट्रातली सगळ्यात यशस्वी बालसंगोपन योजना वापरा: आजी. उत्पन्नाची अट नाही, आधार लिंक करावं लागत नाही, अनुदान थेट मुलाच्या तोंडात जमा होतं. आजी साताऱ्याची असो की लातूरची, तिला आणताना "चार दिवस राहायला या" असं म्हणावं. हे चार दिवस साधारण मूल पहिलीत जाईपर्यंत चालतात. दोन आज्या असतील तर सहा-सहा महिन्यांची पाळी लावा, म्हणजे दोघींची गुडघेदुखी सारखी वाढते आणि कुणावर अन्याय होत नाही. आजोबा गावी एकटे राहतात आणि खानावळीचा डबा खातात, पण त्यांना व्हिडिओ कॉल करता येतो. आजीला पगार विचारू नये, तिला वाईट वाटतं. तिला भजनाचा गुरुवार सोडावा लागला, तिच्या मैत्रिणी तिकडे राहिल्या, अकराव्या मजल्यावर तिला कुणी "काय गं, जेवलीस का?" विचारणारं नाही, हेही विचारू नये. "तुम्हालाही नातवाचा विरंगुळा होतो" एवढं दर पंधरा दिवसांनी म्हणत राहावं.

आजी नसेल तर मावशी ठेवा. मावशी जनता वसाहतीतून येते. तुमचं मूल सांभाळायला ती बारा तास घराबाहेर असते, तेव्हा तिचं मूल तिची दहा वर्षांची थोरली सांभाळते. थोरलीची शाळा बुडते. हा तपशील कळला तर तिला जुनी वह्या-पुस्तकं द्या, बरं वाटतं. मात्र पगारवाढ मागितली की "अहो मावशी, तुम्ही घरच्यासारख्या" हे वाक्य तयार ठेवा. घरच्यांना पगार नसतोच, त्यामुळे वाक्य चुकीचंही ठरत नाही.

आता मुख्य काम, हिशेब. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर नवऱ्यानं लॅपटॉप उघडावा आणि एक्सेलमध्ये बायकोचा पगार लिहावा. समजा 45 हजार. त्यातून पाळणाघराचे 14 वजा करावेत. स्वयंपाकाच्या मावशींचे 5. कॅबचे 6. उरले 20. मग खुर्ची मागे रेलून मायेनं विचारावं, "अगं, वीस हजारांसाठी एवढी धावपळ करायची का तू?"

या हिशेबाचे काही नियम आहेत, ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. फी फक्त आईच्या पगारातून वजा होते. बापाच्या पगारातून गाडीचा हप्ता, फ्लॅटचा हप्ता, ट्रेकिंगचे बूट आणि मित्राच्या लग्नातलं पाकीट वजा होतं, आणि त्यानंतर "मग नोकरी कशाला करतोस?" असं कुणी विचारत नाही. स्वयंपाकाच्या मावशींच्या हातची पोळी दोघंही खातात, पण पैसे तिच्याच खात्यातून जातात. पाच वर्षांनी तिचा पगार किती झाला असता, पीएफ किती साठला असता, परत नोकरी शोधताना "गॅप का आहे?" या प्रश्नाला काय उत्तर देणार, यांचे रकाने शीटमध्ये घालू नयेत, फॉर्म्युला बिघडतो. आणि तिनं चुकून लॅपटॉप आपल्याकडे ओढून फी दोघांच्या पगारांत निम्मी-निम्मी टाकलीच, तर बॅटरी संपत आली म्हणून सांगावं.

तिनं नोकरी सोडली तर सगळ्यांना कळवा की हा तिचा निर्णय आहे. नाही सोडली तर तेही कळवा, सुरात थोडा फरक करून.

मूल शाळेत जायला लागलं की खर्च संपतो, असं काही भाबडे लोक मानतात. शाळा साडेबाराला सुटते. ऑफिस सुटत नाही. मधल्या वेळेला आता आफ्टर-स्कूल म्हणतात, त्याची पाटी वेगळी आणि व्हॅनचे पैसे वेगळे. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद, मे महिन्यात शाळा बंद. मेमध्ये समर कॅम्प असतो. तिथे मुलाला पुन्हा पिठाचा गोळा देतात, यावेळी त्याला पॉटरी म्हणतात.

इतकं पार पाडून तुम्ही एखाद्या मुंजीत जेवायला बसलात की समोरच्या पंक्तीतली एखादी आत्या हमखास विचारेल, "आता दुसऱ्याचं काय?" चिडू नका. हसून विचारा, "आत्या, सोमवार ते शुक्रवार, आठ ते सात मोकळ्या आहात का?" आत्याला लगेच मठ्ठा हवासा वाटेल. भावंडांना फीत दहा टक्के सवलत असते, हे मात्र तिला कळू देऊ नका.