उशीर, थांबलेले दिवस आणि डिझेल फिल्टर : दोन तारे दिलेल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

आपला अभिप्राय वाचला. आपली बोट समुद्रमार्गे पोहोचवायचं काम आपण आम्हाला दिलं होतं. तक्रारी अशा : बोट सांगितल्यापेक्षा उशिरा पोहोचली, कप्तान वाटेतल्या बंदरात ‘आरामात बसून राहिला’ आणि त्या दिवसांचेही पैसे लागले, एकाचं काम असताना तिघे पाठवले, वर फिल्टरचं बिल लावलं. दोन तारे द्यायचा हक्क आपला आहे. पण लिहिलेल्यात बरंच राहून गेलंय, म्हणून इथेच उत्तर देतो.

आधी ते बसून राहणं. पुढच्या टप्प्यावर ब्यूफर्ट मापनानुसार (वाऱ्याचा जोर सांगायची श्रेणी) ७ बळाच्या वाऱ्याचा अंदाज होता, म्हणजे २८ ते ३३ नॉट (ताशी सागरी मैल), तोही अगदी समोरून. आपली बोट शांत पाण्यात इंजिनावर जेमतेम साडेपाच नॉट काढते. अशा वाऱ्यात, लाटा अंगावर घेत, त्यातले दोन-अडीच उरले तरी खूप. डिझेल मात्र जळतच राहतं. आपण फोनवर म्हणालात, ‘इथे तर लख्ख ऊन आहे, निघत का नाही?’ ऊन होतंच. वारा भूशिराच्या पलीकडे होता.

थांबलेल्या दिवसाचा दर करारात वेगळा लिहिलेला आहे आणि तो चालत्या दिवसापेक्षा कमी आहे. ठोक रकमेत बोट पोहोचवणारेही मिळतात, नाही असं नाही. पण तिथे थांबण्याचा खर्च कप्तानाच्या खिशातून जातो आणि मग हवामानाचा तोच अंदाज त्याला जरा बरा दिसायला लागतो. आम्हाला ते नको आहे. निघायचं की नाही हे कप्तान ठरवणार, बोटीचा मालक नाही आणि मीसुद्धा नाही, हे कलम आपण सहीच्या आधी वाचलं होतं. पोहोचायच्या तारखेपुढेही ‘अंदाजे’ लिहिलंय, ते मुद्दाम.

तिघांचं म्हणाल तर, वाटेत सलग रात्री होत्या. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की डोळ्यांनी आणि कानांनी टेहळणी सतत चालू हवी. एकटा माणूस झोपला की ती बंद. शिवाय आपल्याच विमा कंपनीने कप्तानाचा अनुभव आणि सोबतच्या खलाश्यांची माहिती आधी मागून घेतली होती, तेव्हाच त्या पॉलिसीत रात्रीच्या प्रवासाला मान्यता मिळाली.

आता फिल्टर. बोट बराच काळ धक्क्याला उभी होती. अशा टाकीत हवेतल्या ओलाव्याचं पाणी तळाशी साठतं आणि डिझेल नि पाण्याच्या सीमेवर बुरशी, जिवाणू वाढतात. धक्क्यावर इंजिन सुरू करून बघितलं तर काही कळत नाही. बाहेर लाटांत टाकी ढवळली की सगळा गाळ वर येतो आणि फिल्टर तुंबतो. तेच झालं. इंजिन आचके देऊ लागलं तेव्हा फिल्टरखालच्या पारदर्शक वाटीत अर्ध्यावर पाणी आणि त्यावर काळा, बुळबुळीत थर होता. हलत्या बोटीत, वाकून, बॅटरीच्या उजेडात कप्तानाने फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. पुढच्या रात्री पुन्हा तेच. (निघण्याआधी टाकी साफ करून घ्या, असं आम्ही लेखी कळवलं होतं. ‘गरज नाही’ हे आपलं उत्तर आमच्याकडे आहे.) तरीही बिलात फक्त फिल्टरची किंमत आहे, बदलण्याची मजुरी नाही.

थांबलेल्या प्रत्येक दिवसाचा हवामानाचा अंदाज आणि बोटीवरच्या नोंदवहीची प्रत आपल्याला ईमेलने पाठवली आहे. बिलातली एखादी ओळ त्याच्याशी जुळत नसेल तर ती ओळ सांगा, त्यावर बोलू. थांबलेल्या दिवसांचे पैसे मात्र परत होणार नाहीत.

आणि टाकी अजून तशीच आहे. उरलेले दोन फिल्टर जिन्याखालच्या कप्प्यात ठेवलेत, पण कुटुंबाला घेऊन बाहेर पडण्याआधी टाकी साफ करून घ्याच.

– बोट पोहोचवणाऱ्या कंपनीचा मालक