माल फुकट, श्रम नव्हेत

दुसऱ्यांच्या वस्तू कमिशनवर ऑनलाइन लिलावात विकून देणाऱ्या दुकानाला माल विकत घ्यावा लागत नाही, म्हणून नफा जवळजवळ निश्चित असतो, हे अशा दुकानांविषयीच्या लेखातील प्रतिपादन मला पटत नाही. वस्तू तपासणे, पुसणे, छायाचित्रे काढणे, दोषांसह अचूक वर्णन लिहिणे, खरेदीदारांच्या शंकांना उत्तरे देणे, व्यवस्थित बांधून पाठवणे आणि शेवटी मालकाचा हिशेब चुकता करणे, ही सगळी कामे स्वस्त वस्तूसाठी करावी लागतात आणि महाग वस्तूसाठीही जवळपास तेवढीच. समजा, आपले कमिशन विक्रीच्या किमतीच्या ३५ टक्के आहे आणि संकेतस्थळाचे व पैसे भरण्याचे शुल्क मिळून १५ टक्के आपणच सोसतो. मग उरलेल्या २० टक्क्यांतून पगार आणि भाडे निघायला हवे. ठरावीक किमतीपेक्षा स्वस्त वस्तू घ्यायचीच नाही, ही अट ठाम ठेवल्याशिवाय हे गणित जुळत नाही.

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर लोकांचे सामान विकून देणारी दुकाने अमेरिकेत २००३च्या सुमारास झपाट्याने वाढली आणि पुढे त्यांतील बरीचशी बंद पडली, याचा उल्लेख लेखात हवा होता. २०११ साली सुरू झालेली ‘द रिअलरिअल’ ही लोकांच्या वापरलेल्या वस्तू कमिशनवर ऑनलाइन विकून देणारी अमेरिकी कंपनी महागड्या ब्रँडच्याच वस्तू घेते, तरीही २०१९ मध्ये शेअर बाजारात आल्यानंतर ती अनेक वर्षे तोट्यात होती.

माझ्या मते घड्याळे, कॅमेरे किंवा वाद्ये यांपैकी एखाद्याच क्षेत्राची खरी जाण असलेल्या व्यक्तीला, घरातूनच काम केल्यास, यात निश्चित संधी आहे. मात्र खरेदीदाराने वस्तू परत करण्याची मुदत उलटण्यापूर्वी मालकाला पैसे देऊ नयेत आणि ही अट करारात लेखी असावी.