अध्यक्ष ठरायच्या आधी मतदार यादी ठरते

बुद्धिबळ महासंघाच्या अध्यक्षपदाचा विषय निघाला की नागपुरातल्या पालकांचे आणि प्रशिक्षकांचे ग्रुप दोन-दोन दिवस पेटलेले असतात. हा उद्योगपती, तो पुढाऱ्याच्या जवळचा, एखादा ग्रँडमास्टरच का नको? सगळे पोटतिडकीनं बोलतात. पण मतं एकूण किती आणि ती कोणाच्या हातात, हे विचारलं की ग्रुप शांत होतो. माझ्या मते खरा वाद तिथेच आहे.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ 1951 चा. त्याच्या निवडणुकीत खेळाडू मत देत नाहीत, राज्य संघटना देतात. प्रत्येक राज्य संघटना दोन प्रतिनिधींची नावं पाठवते आणि प्रत्येकाला एक मत. 4 जानेवारी 2021 ची निवडणूक आठवा. दोन गट कोर्टात गेलेले, शेवटी मद्रास उच्च न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती के. कन्नन यांना निवडणूक अधिकारी नेमलं आणि मतदान ऑनलाइन झालं. 32 राज्यं, 64 मतं. संजय कपूर यांना 33, त्या वेळचे अध्यक्ष वेंकटरामा राजा यांना 31.

हे आकडे नीट बघा. एका राज्यानं आपली दोन्ही मतं फिरवली असती तर निकाल 31-33 झाला असता. एकाच राज्यानं! म्हणजे देशाचा अध्यक्ष कोण, हे एखाद्या राज्य संघटनेच्या लेटरहेडवरच्या दोन नावांनी ठरू शकतं.

आणि घोळ होतो तो नेमका या लेटरहेडवर. राज्यात संघटनेचे दोन गट असतात. दोन्ही गट सभा घेतात, दोन्ही ठराव करतात, दोन्ही आपापल्या सचिवाच्या सहीनं दोन-दोन नावं पाठवतात. निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर एकाच राज्याचे दोन लिफाफे येतात. कोणता धरायचा? एक धरला तर दुसरा कोर्टात जातो. दोन्ही बाजूला ठेवले तर त्या राज्याला मतच उरत नाही. त्यामुळे अर्ज भरायच्या, छाननीच्या आणि माघारीच्या तारखांपेक्षा मतदार यादीवर हरकत घेण्याची तारीख जास्त महत्त्वाची असते. यादी एकदा पक्की झाली की बेरीज कोणालाही करता येते. मग जो हरणार हे दिसतं तो अर्जच मागे घेतो आणि आपण बातमी वाचतो, ‘बिनविरोध निवड’. 2024 मध्ये नितीन नारंग बिनविरोधच अध्यक्ष झाले. त्यांच्या कामाबद्दल इथे मला काही म्हणायचं नाही. पण देशाला एकामागून एक विश्वविजेते देणाऱ्या खेळात अध्यक्षपदाचे दोन उमेदवार खेळाडूंसमोर आपापला कार्यक्रम मांडतायत, असं झालंच नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट दोन तृतीयांशची. त्याच 2021 च्या निवडणुकीत सचिवपदासाठी भरतसिंह चौहान यांना 35 आणि आपल्या महाराष्ट्राचे रवींद्र डोंगरे यांना 29 मतं पडली. साध्या हिशोबानं चौहान जिंकले. पण क्रीडा महासंघांसाठीच्या केंद्राच्या तेव्हाच्या क्रीडा संहितेनुसार पदावर असलेल्या सचिवाला पुन्हा निवडून यायचं तर दोन तृतीयांश मतं लागत. 64 चे दोन तृतीयांश म्हणजे 43. आठ मतं कमी. डोंगरे दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जून 2022 मध्ये न्यायालयानं चौहान यांना पदावरून दूर केलं. चेन्नईचं बुद्धिबळ ऑलिम्पियाड (देशोदेशींच्या संघांची स्पर्धा) 28 जुलैला सुरू होणार होतं! सर्वोच्च न्यायालयानं मग त्यांना 15 ऑगस्टपर्यंत राहू दिलं. ‘स्पर्धा तोंडावर असताना कोर्टबाजी कशाला’ असं तेव्हा अनेकांचं म्हणणं होतं. मला ते पटत नाही. 43 चा हिशोब मतमोजणीच्या दिवशीच कागदावर होता. तो त्याच दिवशी केला असता तर दीड वर्षानं ही वेळ आली नसती.

या भांडणात खेळाडूचं काय होतं? 2020 च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये भारत रशियासोबत संयुक्त विजेता ठरला. नाशिकचा विदित गुजराथी कर्णधार, संघात आपली दिव्या देशमुख. त्याच वर्षी महासंघाचे दोन गट कोर्टात होते. डिसेंबरमध्ये सुवर्णपदकं भारतात आली तेव्हा संघाचे उपकर्णधार श्रीनाथ नारायणन यांना कस्टमचे 6300 रुपये भरून ती सोडवावी लागली. देशासाठी जिंकलेल्या पदकावर खेळाडूच्या बाजूच्या माणसानं शुल्क भरायचं! अशा वेळी कस्टमशी आधीच पत्रव्यवहार करून ठेवणारं कार्यालय लागतं, आणि महासंघ असतो तो त्याचसाठी. त्याआधीचं एक उदाहरण: महासंघाची मान्यता नसलेल्या स्पर्धा खेळल्या म्हणून खेळाडूंवर कारवाई होत असे. 2018 मध्ये बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगानं त्यावरून महासंघाला 6 लाख 92 हजारांचा दंड केला. असे नियम करणाऱ्यांना निवडताना खेळाडूला मत नव्हतं.

रौनक साधवानी, संकल्प गुप्ता, दिव्या. एकट्या नागपूरनं तीन ग्रँडमास्टर दिले, त्यातल्या दिव्यानं जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला. पण खेळाडू म्हणून महासंघाच्या निवडणुकीत यांच्यापैकी कोणालाही मत नाही. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं दार थोडं उघडलंय: कार्यकारिणी जास्तीत जास्त 15 जणांची, त्यात किमान दोन नामवंत खेळाडू आणि किमान चार महिला, निवडणुकांवर देखरेखीला वेगळं पॅनल, तंट्यांसाठी लवाद. चांगलं आहे. तरी 15 मध्ये दोन म्हणजे बोलायला जागा मिळाली, ठरवायला नाही.

म्हणून माझं म्हणणं नागपूरच्या पालकांना. राज्याची दोन नावं राज्य संघटना ठरवते आणि राज्य संघटनेत जिल्हा संघटना मत देतात. विदर्भातच अकरा जिल्हे आहेत. तेव्हा पहिला प्रश्न दिल्लीतल्या माणसाबद्दल नको, आपल्या जिल्ह्याबद्दल विचारा. जिल्हा संघटनेचं सभासदत्व कोणाला मिळतं, वर्गणी किती, सर्वसाधारण सभेची नोटीस कधी निघाली, मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट कुठे आहे?

संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असेल तर महाराष्ट्रात ती सार्वजनिक न्यासही असते आणि तिचा ‘एफ’नं सुरू होणारा नंबर असतो. तो नंबर घेऊन नागपूरच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात शेड्यूल एकच्या (संस्थेच्या नोंदीचा कागद, त्यात कार्यकारिणीची नावं असतात) नकलेचा अर्ज करा. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो दिलाच नसेल, किंवा दिला पण मंजूर झाला नसेल, तर त्या कागदावर जुनीच नावं दिसतील. कधी दोन गटांचे दोन चेंज रिपोर्ट पडून असतात. तसं असेल तर ती संघटना उद्या राज्याच्या सभेत कोणाला पाठवणार आणि तिचं मत कोण धरणार, यावर भांडण होणार हे आजच समजा.

चेंज रिपोर्टवर हितसंबंध असलेल्या व्यक्तीला हरकत घेता येते. मात्र लेखी, कागद जोडून, आणि पुढच्या निवडणुकीची नोटीस निघायच्या आत. नोटीस निघाल्यावर धावपळ केली तर तारखा पडत राहतात, तोवर यादी पक्की झालेली असते.