तुमच्या आईंच्या अर्जाबद्दल

नमस्कार ताई,

ऑनलाइन रिव्ह्यूत एक तारा देऊन तुम्ही जे लिहिलंय ते मी तीनदा वाचलं. चौदा वर्षं पोह्यांचा ठेला लावणाऱ्या तुमच्या आईंनी आमच्या केंद्रातून चाळीस हजारांच्या कर्जाचा अर्ज केला. काउंटरवरच्या मुलाने त्यांचा मोबाइल हातात घेतला, "ओटीपी आलाय, सांगा" म्हणत फटाफट बटणं दाबली आणि नऊ दिवसांनी "नामंजूर" एवढाच मेसेज आला. शेवटी तुम्ही विचारलंय, गरिबाच्या मोबाइलमध्ये डोकावायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

आधी चूक कबूल करते. मुलाने मोबाइल घ्यायलाच नको होता. संमतीच्या पानावर कुठल्या खात्याचा, किती महिन्यांचा तपशील, कशासाठी आणि किती मुदतीपर्यंत वापरणार, हे सगळं लिहिलेलं असतं. ते आईंना मोठ्याने वाचून दाखवायचं, त्यांना पटलं तर बटण त्यांनीच दाबायचं. दुकानात गर्दी होती ही सबब मी सांगणार नाही. त्या पाच मिनिटांसाठीच तर लोक आमच्याकडे येतात, नाहीतर अॅप घरी बसूनही उघडता येतं. आईंची मी मनापासून माफी मागते.

आता, काय गेलं आणि काय नाही. फोटो, फोनबुक, कुणाला किती फोन केले, यातलं काहीही गेलेलं नाही. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या नियमांत कर्जाच्या अॅपना या गोष्टींना हात लावायला मनाई केली आहे. कॅमेरा आणि लोकेशनसुद्धा केवायसीपुरतं, एकदाच, विचारून. गेला तो फक्त आईंच्या बँक खात्याचा सहा महिन्यांचा तपशील, अकाउंट अॅग्रिगेटरमार्फत, म्हणजे खातेदाराच्या संमतीने बँकेतला तपशील कर्ज देणाऱ्या कंपनीपर्यंत पोचवणाऱ्या सेवेमार्फत. ही सोय २०२१ पासून सुरू आहे. मधला अॅग्रिगेटर बंद पाकीट पोचवणाऱ्या पोस्टमनसारखा असतो, त्याला ते पाकीट उघडता येत नाही. दिलेली संमती मागेही घेता येते. तुम्ही म्हणाल तर ती आजच रद्द करू, आणि कंपनीकडे पोचलेला तपशील पुसून टाकण्याचं पत्रही मी लिहून देईन.

तुमची भीती मात्र खोटी नाही. हे नियम येण्याआधी एक बाई माझ्यासमोर बसून रडल्या होत्या. कुठल्याशा लिंकवरून उतरवलेल्या अॅपवर त्यांनी तीन हजार घेतले, परतफेडीला दोन दिवस उशीर झाला आणि वसुलीवाल्यांनी थेट मुलीच्या सासरी फोन लावला. व्याह्यांपुढे मान खाली गेली. पैसे फिटले, पण ती गोष्ट त्या घरात अजून निघते. म्हणून मोबाइलचं नाव काढताच कुणी बिचकलं तर मला त्यात नवल वाटत नाही.

तरीही मोबाइलवरची नोंद मागावी लागते, ती का, ते सांगते. आईंकडे पगाराची स्लिप नाही, रिटर्न नाही, कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलला नाव नाही. कर्ज कधी घेतलं नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही. केनियात २०१२ साली एम-श्वारी ही मोबाइलवरून बचत आणि कर्ज देणारी सेवा सुरू झाली, तेव्हा लोक मोबाइलवरून पैसे कसे पाठवतात, टॉकटाइम कसा वापरतात, हे पाहून पहिलं छोटं कर्ज द्यायला लागले. आपल्याकडे ते काम क्यूआरने केलं. मागे इथल्या, इंदूरच्या पाटनीपुऱ्याकडच्या एका ठेलेवाल्या मावशींचं स्टेटमेंट पाहिलं होतं. सकाळी सहा दहाला पहिले २० रुपये, मग २०, ४०, २०, ६०, असं साडेदहापर्यंत. रविवारी जवळजवळ दुप्पट. रंगपंचमीला कोरं, कारण गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या दिवशी ठेला बंद. आयुष्यात वही न ठेवलेल्या बाईचा हिशेब तारीखवार समोर होता, आणि त्यावर त्यांना कर्ज मिळालं.

मग तुमच्या आईंना का नाही? आईंच्या खात्यात काय दिसलं ते मी इथे चारचौघांत लिहिणार नाही. पण ठेल्यावरचा क्यूआर दादाच्या खात्याला जोडलाय, हे तुम्हीच लिहिलंय. पैसे आले की बोलणारा क्यूआरचा डबा सकाळभर "२० रुपये प्राप्त हुए" ओरडतो, मेहनत आईंची, आणि जमा मात्र दादाच्या नावावर. यात दादाची चूक नाही. घरात ज्याला मोबाइल कळतो तोच जोडून देतो. सिम नवऱ्याच्या नावावर, क्यूआर मुलाच्या, असं मी दर आठवड्याला पाहते, आणि अर्ज फेटाळला जातो तो बाईचा. क्यूआर कुणाच्या नावावर आहे, हा एक प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारला असता तर हा अर्ज पुढे गेलाच नसता. मला सगळ्यात जास्त लागलंय ते हेच. आता फॉर्मच्याही आधी हा प्रश्न विचारतो.

पुढचं. क्यूआर आईंच्या खात्याला जोडून घेऊ, सहा महिन्यांत त्यांची स्वतःची नोंद तयार होईल. तोवर घाईघाईने आणखी चार ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी सिबिलमध्ये उमटते. रोजच्या वसुलीच्या डायरीवाल्या सावकाराकडेही कृपा करून जाऊ नका. पीएम स्वनिधी या ठेलेवाल्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेत पहिल्या वेळी १५,००० पर्यंत मिळतात, तारण लागत नाही, वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्के सूट मिळते. त्यासाठी नगर निगमचं ठेलेवाल्याचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागेल. तो अर्ज मी स्वतः भरून देते, आमच्याकडे त्याचा एक पैसा लागणार नाही. आणि कंपनीवर तक्रार करायची असेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं.

सकाळी ठेला सोडून आईंना येता येत नाही, हे मला ठाऊक आहे. गुरुवारी अकराच्या सुमारास, गर्दी ओसरली की मीच ठेल्यावर येते. आईंच्या नावाचं पासबुक आणि त्या खात्याला जोडलेला मोबाइल तेवढा जवळ असू द्या. मोबाइल त्यांच्याच हातात राहील. तुम्हीही शेजारी थांबलात तर बरं.