छत्तीसशेच्या प्रोसेसरला छत्तीसशेचीच रॅम?

निकाल लागले की आमच्या परभणीत घरोघरी कॉम्प्युटरची चौकशी सुरू होते आणि सोबत एक व्हॉट्सॲप मेसेजही फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा : प्रोसेसर, रॅम आणि मदरबोर्डचा स्पीड एकच हवा. प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्झचा असेल तर रॅम ३६००चीच घ्या. बोर्डापेक्षा जास्त स्पीडची रॅम लावली तर बोर्ड जळतो. दोन वेगळ्या स्पीडच्या रॅम कधीच लावू नका. जोडीतला एक बैल पळता आणि एक मंद असला की गाडी उलटणारच. मशीन स्लो झालं असेल तर तिन्ही वस्तू एकदम बदला.

सेलूच्या माझ्या चुलत भावाला एका दुकानात हेच ऐकवलं गेलं. लेकीसाठी घेतलेलं मशीन सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं लावत होतं. दुकानदार म्हणाला, प्रोसेसर ३६००चा, रॅम २६६६ची, मॅच होत नाही, बोर्डासकट बदला. भावाने मशीन पोत्यात गुंडाळलं आणि एसटीने माझ्याकडे आणलं.

आधी ३.६ आणि ३६००चं बघू. हे दोन आकडे एका मापाचे नाहीतच. प्रोसेसरचा आकडा म्हणजे त्याच्या घड्याळाचे सेकंदाला ठोके. रॅमवरचा ३२०० म्हणजे सेकंदाला किती कोटी वेळा डेटा सरकतो त्याचा हिशोब (३२० कोटी वेळा), आणि आजची डीडीआर प्रकारची रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा देते. म्हणजे ३२००च्या रॅमचं खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचंच! मग प्रोसेसर उपाशी राहत नाही का? त्यासाठी त्याच्या पोटात कॅश, म्हणजे डेटाचा छोटा वेगवान साठा असतो. आपल्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तरी रोज आंघोळी होतात, कारण गच्चीवर टाकी असते. भावाच्या आय३-१०१०० प्रोसेसरमध्ये अशी ६ एमबीची टाकी आहे. लागणारा बराचसा डेटा तिच्यातच सापडतो, रॅमपर्यंत दर वेळी जावंच लागत नाही.

मेसेज अगदीच आभाळातून पडलेला नाही, हेही सांगतो. पेंटियम ४ आणि कोअर २ ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरच्या काळात प्रोसेसर आणि रॅममध्ये बोर्डावरची एक चिप बसायची, तिच्याशी बोलायचा रस्ता म्हणजे एफएसबी. ८००, १०६६, १३३३ असे त्याचे आकडे बघून रॅम निवडायची पद्धत होती. एएमडीने २००३ मध्ये अॅथलॉन ६४ आणून त्या चिपमधला रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर थेट प्रोसेसरमध्ये घातला, इंटेलने २००८ च्या कोअर आय७ पासून. तो रस्ताच उखडला गेला, पण टोलची पावती अजून फाडणं चालू आहे. एएमडीच्या डीडीआर४ रॅमवाल्या रायझन प्रोसेसरमध्ये आतल्या जोडणीचं घड्याळ रॅमच्या खऱ्या घड्याळाशी जुळलेलं बरं असतं, पण ३२००ची साधी रॅम लावली की ते आपोआप जुळतं.

बोर्ड जळण्याचं भय तर निव्वळ भय आहे. प्रत्येक रॅमवर एक बारकी चिप असते, तिच्यात ती रॅम कोणकोणत्या वेगाने चालू शकते ते लिहिलेलं असतं. मशीन सुरू होताना बायोस (बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्राम) ते वाचतो आणि प्रोसेसर-बोर्डाला झेपेल तो वेग लावतो. आय३-१०१०० ची मर्यादा २६६६, म्हणून ३२००ची रॅम तिथं निमूटपणे २६६६वर चालते. जळत काही नाही, फार तर चार पैसे जास्त गेलेले असतात. जुळायलाच पाहिजेत अशा गोष्टी वेगळ्या : प्रोसेसरचं सॉकेट (बोर्डावरची त्याची बसायची जागा), आणि रॅमची पिढी, डीडीआर४ की डीडीआर५. इंटेल प्रोसेसरसाठीचा एच६१० बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतो, घेताना खोक्यावर नीट बघा. एकाची रॅम दुसऱ्याच्या खाचेत बसतच नाही.

आता बैलजोडी. दोन वेगळ्या स्पीडच्या रॅममध्ये गाडी उलटत नाही, पळता बैल मंद बैलाच्या चालीने चालतो, इतकंच. सारख्या दोन घेतल्या तर उत्तमच; क्वचित एखादी जोडी पटत नाही, तेव्हा बदलून घ्यावी. पण बैल एकटाच जुंपण्यापेक्षा ही जोडी कधीही बरी. ३२००च्या एका स्टिकमधून (रॅमच्या पट्टीतून) सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जातो, दोन चॅनेलला, म्हणजे रॅमच्या दोन वेगळ्या वाटांना, दोन लावल्या की ५१.२. ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विशेषतः रायझन ५६००जी प्रोसेसरवाले, त्यांना गेम खेळताना हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथं ग्राफिक्सही याच रॅमवर जगतं.

भावाच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडला, त्यात कोणता भाग किती राबतोय ते दिसतं. प्रोसेसर निवांत, आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली. दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं होतं, शिव्या रॅम खात होती. तिच्या जागी एक साटा एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली, बोर्ड तोच ठेवला. दुसरा स्लॉट रिकामा होता, त्यात ८ जीबीची आणखी एक स्टिक लावली. बाजारात ३२००चीच मिळाली. मशीन अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू झालं.

भाऊ स्क्रीनवरचा रॅमचा २६६७ (म्हणजे तोच २६६६) आकडा बघत बसला होता. म्हणाला, "दादा, ३२००चे पैसे दिले नव्हं? मग वरचे पाचशे कुठं गेले?"