मोकळी जागा

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर गोल्फ सोडून सगळं चालतं. रणजीचे सामने होऊन गेले, सभा होतात, पहाटे पाचपासून जॉगिंग ट्रॅकवर पोटं आत ओढत माणसं फिरतात. मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला एवढं पूर्ण सांगायला जावं तर रिक्षा त्र्यंबक नाका ओलांडून गेलेली असते. अशा या मैदानावर गेल्या रविवारपासून मी ‘गोल्फवाले’ म्हणून ओळखला जातो. आजवर हातात काठी धरली ती फक्त जळमटं काढायला.

दोष बायकोचा. सोसायटीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी तिला विचारलं, “तुमचे मिस्टर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा लावून काय करतात हो?” तिने चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगितलं, “गोल्फ खेळतात.”

तसं ते खोटं नाही. कोड गोल्फ नावाचा एक खेळ आहे. खऱ्या गोल्फात कमीत कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालायचा, इथे कमीत कमी बाइटांत प्रोग्राम बसवायचा. बाइट म्हणजे कॉम्प्युटरातलं जागेचं माप. पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेवाल्या मंडळींनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हे नाव रूढ केलं, आणि तेव्हापासून जगभरात माझ्यासारखी चांगली कमावती माणसं रात्री जागून एकेक कंस काढून टाकत बसलेली असतात. प्रोग्राम कुणाला वाचता आला नाही तरी चालतो. सावकाश चालला तरी चालतो. आखूड म्हणजे जलद नव्हे, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको. द्वारका चौकाची रुंदी ती केवढी, आणि संध्याकाळी तो ओलांडायला लागतो किती वेळ! त्यात आता सिंहस्थासाठी खोदकाम. असो.

तर भाच्याने पैज लावली होती. जुनंच कोडं, आम्ही ते नाशिकचं करून घेतलं: एक ते शंभर आकडे छापायचे, पण तीनने भाग जात असेल तर आकड्याऐवजी ‘मिसळ’, पाचने जात असेल तर ‘पाव’, आणि दोन्हींनी जात असेल तर ‘मिसळपाव’. भाषा पायथन. माझा पहिला प्रोग्राम दीडशे बाइटांच्या वर गेला. मग शोध लागला की ‘जर-तर’ लिहायची गरजच नाही. पायथनमध्ये शब्दाला आकड्याने गुणता येतं. ‘मिसळ’ला एकाने गुणलं की मिसळ हजर, शून्याने गुणलं की ताट रिकामं. दोन्ही ताटं रिकामी निघाली तर आकडा छापायचा, की झालं काम. त्यातही मोजणी एकऐवजी शून्यापासून केली की आकड्यांची हद्द सांगणाऱ्या ‘रेंज’च्या कंसात ‘एक, एकशे एक’ लिहावं लागत नाही, नुसते शंभर पुरतात. अशी तीन आठवडे छाटणी करत मी ७४ बाइटांवर आलो. शेवटचे दोन बाइट सुटले त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो असं म्हणतात. बायको म्हणाली, “मग सकाळी पेढे आण. आत्ता दिवा घालव.”

सकाळी भाच्याचा मेसेज: “मामा, ७३. तुझं?”

वय वर्षं एकोणीस. दाढी नीट फुटलेली नाही. ७३.

इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. त्या ७४ बाइटांतले एकवीस बाइट नुसत्या मिसळीचे आणि पावाचे आहेत. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या प्रत्येक अक्षराला तीन. आणि अक्षर म्हणजे तुम्हाला-मला दिसतं ते अक्षर नव्हे. ‘मि’मधल्या वेलांटीचे तीन वेगळे, ‘पा’च्या कान्याचे तीन वेगळे, जोडाक्षर असेल तर मधल्या हलन्ताचेही तीन. ‘त्र्यंबकेश्वर’ हा शब्द एकोणचाळीस बाइटांचा होतो! तोच इंग्रजीत लिहिला तर तेरा. बरोब्बर तिप्पट. अक्षरं बाइटांत बसवायची ही मांडणी संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, समोर रॉब पाइक बसलेले असताना, ताटाखालच्या कागदावर केली. हुशारीचीच मांडणी आहे, माझं काही म्हणणं नाही. तिच्यामुळे जुन्या इंग्रजी फायली जशाच्या तशा चालत राहिल्या आणि देवनागरीलाही जागा मिळाली. मिळाली, पण शेवटच्या बाकावर. हीच दोन माणसं नाशिकला जेवायला बसली असती तर कागद रश्श्याने भिजला असता आणि पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागला असता, एवढंच म्हणतो.

हे सगळं डोक्यात घेऊन मी रविवारी मैदानावर गेलो, आणि बाकावर तारमास्तर बसले होते.

तारमास्तर सत्याहत्तर वर्षांचे. तार खात्यातून निवृत्त झालेले. २०१३ च्या जुलैत देशातली तार बंद झाली तेव्हा त्यांनी दहा दिवस दाढी केली नाही, असं त्यांच्या सूनबाई सांगतात. अजूनही कुणी कंटाळवाणं बोलायला लागलं की त्यांचं बोट बाकाच्या कठड्यावर कडकट्ट कडकट्ट करायला लागतं. बोलणाऱ्याला वाटतं, म्हातारा ताल धरतोय. काय वाजवलं ते मी एकदा विचारलं होतं. ते छापण्यासारखं नाही.

“ये रे गोल्फवाल्या,” ते म्हणाले. बातमी पोचलेली होती. “करतोस काय नक्की?”

“काका, प्रोग्राम लिहायचा, पण कमीत कमी अक्षरांत.”

“दर काय?”

“कसला दर?”

“अक्षरावर आहे की शब्दावर?”

“दर नसतो हो. फुकट असतं.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. “फुकट आहे तर कापतोस कशाला?”

या प्रश्नाला तीन आठवड्यांत मी घरीसुद्धा उत्तर देऊ शकलो नव्हतो. पण त्यांना उत्तर नकोच होतं. ते सुरू झाले.

“आमच्याकडे पिंपळगावचा एक कांद्याचा व्यापारी यायचा. मजकूर आणायचा, ‘माल मागवू नका भाव पडला’. पाच शब्द. मी म्हणायचो, शेठ, किमान आकार ठरलेला आहे, त्याच्या आत आहात, पाचही राहू द्या. तर हा खिडकीला टेकून कापायला बसायचा. मागे लाइन. आधी ‘माल’ कापला. मग म्हणाला, नका कशाला, भाव पडलाय म्हटल्यावर न मागवायचं कळतंच. शेवटी काय उरलं? ‘भाव पडला.’ पैसे तेवढेच! एक नवा पैसा वाचला नाही. पण चेहरा बघायला हवा होतास. लॉटरी लागल्यासारखा.”

“मग?”

“मग काय! तिकडच्याने वाचलं, भाव पडला. म्हणजे स्वस्त झाला. दोन ट्रक जास्त मागवले.” त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “तुझीच जात.”

मी विषय बदलायला म्हणून सांगितलं की काही लोक या खेळासाठी खास भाषाच तयार करतात. गोल्फस्क्रिप्ट आहे, जेली आहे. त्यांत एकेका चिन्हाने अख्खं काम होतं, दहा ओळींचा मजकूर चार खुणांत.

“शुभेच्छांच्या तारा!” तारमास्तर ओरडले. ट्रॅकवरून जाणाऱ्या दोन बायका दचकून थांबल्या. “अरे, आमच्याकडे छापील वाक्यं असायची. लग्नाला एक नंबर, दिवाळीला एक, निवडणूक जिंकली तर एक. गिऱ्हाइकाने नुसता आकडा सांगायचा, पलीकडे पूर्ण वाक्य उमटायचं. एकदा नवरा-नवरीला निवडणुकीतल्या विजयाबद्दल अभिनंदन गेलं.” थोडं थांबून म्हणाले, “तक्रार आली नाही. पण त्यात मजा नाही. आकडा सांगणारा आळशी. खरा कंजूष तो, जो स्वतःचे शब्द कापतो.”

कोड गोल्फवाल्यांत या मुद्द्यावर भांडणं होतात. ती ज्या वाक्याने मिटावीत ते वाक्य एका माणसाने बाकावर बसून, शेंगदाणे खाता खाता म्हणून टाकलं. मला जरा बरं वाटलं. वाटू द्यायला नको होतं.

“दाखव तुझा मजकूर,” ते म्हणाले. मोबाईलवरचं त्यांना दिसेना. मग केमिस्टच्या बिलाच्या पाठीमागे मी सगळा प्रोग्राम लिहून दिला, एका ओळीत, टक्क्याच्या खुणा, दुहेरी तिरप्या रेघा, मिसळ, पाव, सगळं. त्यांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला. ओठ हलत होते. बोट एकेका चिन्हावरून सरकत होतं, जणू पलीकडच्या गावी पाठवायचाच आहे मजकूर. पावाच्या पुढे बोट थांबलं.

“हे काय आहे?”

“अवतरणचिन्ह. पाव संपला.”

“ते दिसतंय. त्याच्या पुढचं.”

“पुढे ऑर आहे. ‘किंवा’.”

“त्याच्या आधी. ही मोकळी जागा. ही खरी आहे की तुझं अक्षरच असं आहे?”

“खरी आहे. दोन शब्द चिकटून कसे चालतील?”

“अवतरण मिटलं ना?”

“मिटलं.”

“मग शब्द संपला. संपलेल्या शब्दाला पुन्हा कुंपण कशाला?”

मी हसलो. वडीलधाऱ्यांना तांत्रिक गोष्ट समजावताना आपण हसतो ना, तसलं ते हलकट हसू. म्हटलं, “काका, कॉम्प्युटरचं तसं नसतं.” आणि कसं नसतं ते दाखवायला खिशातून मोबाईल काढला, ती मोकळी जागा पुसली, प्रोग्राम चालवला. एक. दोन. मिसळ. चार. पाव. मी बोटाने खाली सरकवत गेलो. पंधराव्या ओळीला मिसळपाव. अगदी शंभरापर्यंत सगळं जागच्या जागी.

७३.

“लोक दोन शब्द चिकटवून आणायचे,” तारमास्तर म्हणाले. आवाज एकदम खाली आलेला, नोकरीतला असावा तसा. “‘लवकरनिघ’. ‘पैसेपाठव’. एका शब्दाचे पैसे द्यायला. मी पेन्सिलीने मधोमध रेघ मारायचो, दोन धरायचो. इतकी वर्षं चिकटलेले शब्द सोडवले मी. कुठे चिकटतंय ते मला दिसणारच.”

मला हे माहीत असायला हवं होतं, हेच खुपतं. ही काही गुप्त विद्या नाही. अवतरणचिन्हाला लागून पुढचा शब्द लिहिला तर पायथन कुरकुरत नाही, ही नवशिक्याच्या पहिल्या आठवड्यातली युक्ती. भाच्यालाही तीच सुचली असणार. तीन आठवडे, रोजच्या दोन-अडीच तासांची झोप, ऑफिसात दुपारी तीनला मिटिंगमध्ये लागलेली डुलकी आणि त्यावरून साहेबांचं ते “काय, घरी सगळं ठीक ना?”, हे सगळं एका रिकाम्या जागेसाठी. ती जागा अशी की तिच्यात काही नव्हतंच. बरं, बरोबरी झाली तरी पैज भाच्याचीच. आधी गाठलं त्याने.

“किती वाचलं?” तारमास्तरांनी विचारलं.

“एक बाइट.”

“त्याचे पैसे?”

मी कठड्याकडे पाहत राहिलो. त्यांचं बोट वाजायला लागलं होतं.

चहा अर्थात मी पाजला. खरा वैताग सोमवारी सुरू झाला. हास्य क्लबची मंडळी गोल करून उभी होती, मध्ये तारमास्तर. गोष्ट सांगून झालेली होती, आणि तीही त्यांनी छाटून छाटून आखूड केलेली: “याचा प्रोग्राम चुकला होता. मी दुरुस्त केला.”

“चुकला नव्हता हो!” मी लांबूनच ओरडलो. “चालत होता! फक्त एका बाइटने लांब होता!”

सगळे हसले. हास्य क्लबच तो, त्यांचं कामच ते. पण एकाने मला बाजूला घेऊन, पाठीवर हात ठेवून सांगितलं की त्यांचा जावईही याच लाइनमध्ये आहे, एआय आल्यापासून त्यालाही फार टेन्शन आहे.

मंगळवारी मी मैदानाला गेलोच नाही, गंगापूर रोडने फिरून आलो. रात्री अकराला तारमास्तरांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. एकच शब्द:

“आणखीएकसापडली”

तेव्हापासून झोप नाही. एकोणसाठ चिन्हं उरली आहेत, मी एकेक झाकून पाहिलं, एकही निघत नाही. निघत असेल तर ७२, आणि मग त्या दाढी न फुटलेल्याला मी सकाळी सहाला फोन करून उठवणार आहे. बिल तारमास्तरांकडेच आहे आणि तारमास्तर बुधवारी पहाटेच्या गाडीने पुण्याला मुलीकडे गेले. फोन केला तर मुलगी म्हणाली, बाबा झोपलेत. संध्याकाळी केला तर म्हणाली, बाबा देवळात गेलेत.

मेसेज आला तेव्हाच मी उलट विचारलं होतं, “कोणती?” सोळा बाइट. निळ्या खुणा दिसताहेत. उत्तर नाही.