६२ दिवसांत सरकार कसं घालवावं

पंतप्रधान व्हायचंय? मग आधी दोनदा होऊन घ्या. जपानच्या कात्सुरा तारोंनी तेच केलं होतं. ओठांवर हसू आणि समोरच्याच्या खांद्यावर थाप, या हातोटीमुळे लोक त्यांना ‘निकोपोन’ म्हणत. निको म्हणजे हसू, पोन म्हणजे थाप. एवढी शिदोरी असली की तिसऱ्या खेपेला बिनघोर बुडता येतं.

आधीचं सरकार लष्कराकडून पाडून घ्यावं. १९१२ साली लष्कराला कोरियासाठी दोन नव्या डिव्हिजन हव्या होत्या. पंतप्रधान सायोंजी नाही म्हणाले. लष्करमंत्री उएहारांनी राजीनामा परस्पर सम्राटांच्या हाती दिला आणि लष्कराने बदली माणूसच दिला नाही. मंत्री सेवेतलाच सेनाधिकारी हवा, असा १९०० पासूनचा नियम. झालं, सरकार आडवं!

तुम्ही तेव्हा राजवाड्यात सम्राटांच्या पदरी असावं. सम्राट तैशो गादीवर येऊन सहा महिनेही झालेले नसावेत. म्हणजे हुकमाचा एक्का तुमच्याच बाहीत. २१ डिसेंबरला राजाज्ञा घेऊन पंतप्रधान व्हा. नौदल मंत्री देईना? आधीचे नौदलमंत्री साइतोंना राजाज्ञा. संसदेत अविश्वास ठराव आला? विरोधी सेइयुकाई पक्षाने तो मागे घ्यावा म्हणून त्यांच्या सायोंजींना राजाज्ञा. मधल्या वेळात संसद तीनदा तहकूब करा आणि स्वतःचा नवा पक्ष काढायची घोषणाही उरकून घ्या. एकच एक्का प्रत्येक डावात टाकला तर बघणारे ओरडणारच. ५ फेब्रुवारी १९१३ ला विरोधी खासदार ओझाकी युकिओ संसदेत ओरडलेच: यांनी सिंहासनाची तटबंदी केलीय आणि राजाज्ञांच्या गोळ्या! तुम्ही हसत राहा. फक्त थाप मारायला आता खांदा मिळणार नाही.

सेइयुकाईने सम्राटांचं सांगणंही मानलं नाही. १० फेब्रुवारीला संसदेला जमावाने वेढा घातला; सरकारधार्जिण्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्या फुटल्या, पोलीस चौक्या जळाल्या. दुसऱ्या दिवशी राजीनामा ठरला, २० तारखेला खुर्ची यामामोतोंकडे गेली. ऑक्टोबरात कात्सुराही गेले.

६२ दिवसही फार वाटत असतील, तर १९१४ चा कियोउरांचा नमुना घ्या. पंतप्रधानपद देऊ केलं, पण नौदलाने मंत्रीच दिला नाही, त्यामुळे मंत्रिमंडळ बनलंच नाही. भाजलेल्या वाम माशाचा वास आला, ताट मात्र आलं नाही, म्हणून लोकांनी त्याचं नावच ठेवलं: वाममाशाच्या वासाचं मंत्रिमंडळ.